बोलोन्याहून रोमला : पिएर लुइजी बेर्सानी यांची कारकीर्द

पडवी

इटलीच्या राजकारणावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा उजव्या आघाडीचे नेते बेर्लुस्कोनी यांच्यापासून सुरू होते आणि अलीकडे मेलोनी यांच्यापाशी येऊन थांबते. या दोघांच्या मधल्या काळात पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत फिरलेल्या एका नेत्याविषयी हा धागा आहे. पिएर लुइजी बेर्सानी हे एमिलिया-रोमान्या प्रदेशाचे प्रमुख होते, पुढे तीन पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळांत मंत्री झाले आणि 2009 ते 2013 या काळात डावीकडे झुकलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे सर्वोच्च नेते होते. माझे मत आधीच मांडतो, म्हणजे चर्चेला दिशा मिळेल. समोरच्याला बसवून घेऊन, त्याचे ऐकून, तडजोडीने काम पुढे रेटण्याची जी पद्धत ते आपल्या प्रदेशात शिकले, तिने त्यांना उत्तम मंत्री बनवले, आणि 2013 च्या वसंतात त्याच पद्धतीने त्यांचा घात केला.

त्यांचा जन्म 29 सप्टेंबर 1951 रोजी पिआचेन्झा जिल्ह्यातील बेत्तोला या डोंगराळ भागातल्या गावी झाला. वडील मेकॅनिक होते आणि गावात त्यांचा पेट्रोलपंप होता. घरचे वातावरण कॅथलिक आणि मते ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला. मुलगा मात्र प्रदेशाची राजधानी बोलोन्याला तत्त्वज्ञान शिकायला गेला, त्याने पदवीचा प्रबंध पोप ग्रेगरी द ग्रेट यांच्या विचारांवर लिहिला, आणि सभासदत्व घेतले ते कम्युनिस्ट पक्षाचे. आपल्याला यात जेवढा विरोधाभास दिसतो तेवढा तिकडच्या लोकांना दिसत नाही. चर्च आणि पक्ष यांच्या आवारांमध्ये त्या भागात तरी फार उंच भिंत नव्हती.

इटलीत एकूण 20 प्रदेश आहेत. त्यांपैकी 5 प्रदेशांना विशेष दर्जा आहे. उरलेल्या 15 सामान्य प्रदेशांची तरतूद 1948 च्या राज्यघटनेत होती, पण त्यांच्या परिषदांच्या निवडणुका व्हायला 1970 साल उजाडले. रोममधील सत्ताधाऱ्यांना घाई नव्हती, कारण मध्य इटलीतील प्रदेश कम्युनिस्टांच्या हाती जाणार हे उघड होते. झालेही तसेच. एमिलिया-रोमान्यात तेव्हापासून आजतागायत डाव्यांच्या नेतृत्वाखालील आघाडीचीच सत्ता आहे. केंद्रात कायम विरोधी बाकांवर बसणारा पक्ष या प्रदेशात पाळणाघरे, रुग्णालये, लघुउद्योगांच्या वसाहती आणि सहकारी संस्था यांचा कारभार पाहत होता. त्यामुळे येथील कम्युनिस्ट कार्यकर्त्याला क्रांतीपेक्षा अंदाजपत्रकाची भाषा अधिक चांगली येत असे.

बेर्सानी 1980 मध्ये प्रादेशिक परिषदेवर निवडून आले, पुढे उपाध्यक्ष झाले, आणि जुलै 1993 मध्ये समाजवादी पक्षाचे एन्रिको बोझेल्ली यांच्या जागी प्रदेशाचे अध्यक्ष झाले. हे पद आपल्याकडील मुख्यमंत्रिपदाच्या जवळचे आहे. मधल्या काळात, 1991 मध्ये, कम्युनिस्ट पक्ष विसर्जित होऊन त्याचा डावा लोकशाही पक्ष झाला होता, आणि 1992 पासून मिलानच्या सरकारी वकिलांनी सुरू केलेल्या लाचखोरीच्या तपासाने जुने सत्ताधारी पक्ष कोसळत होते. 1996 मध्ये रोमानो प्रोदी पंतप्रधान झाले आणि त्यांनी बेर्सानी यांना उद्योगमंत्री म्हणून रोमला नेले.

त्यानंतरच्या पाच वर्षांत त्यांनी केलेली दोन कामे महत्त्वाची आहेत. 1998 च्या किरकोळ व्यापारविषयक कायद्याने दुकानांच्या परवान्यांचे जंगल तोडले. पूर्वी कोणत्या दुकानात काय विकायचे याच्या 14 याद्या होत्या. त्या जाऊन खाद्य आणि अखाद्य असे दोनच वर्ग उरले, आणि लहान दुकान उघडण्यासाठी परवाना मिळवण्याऐवजी नगरपालिकेला नुसते कळवणे पुरेसे ठरले. दुसरे काम वीज क्षेत्राचे. मार्च 1999 च्या आदेशाने एनेल या सरकारी कंपनीची मक्तेदारी मोडली. 1 जानेवारी 2003 नंतर कोणत्याही एका कंपनीने देशात निर्माण होणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वाटा ठेवू नये असे ठरले, आणि त्यासाठी एनेलला 15,000 मेगावॅट क्षमतेची वीज केंद्रे विकावी लागली. एका माजी कम्युनिस्टाने बाजारपेठ खुली करावी आणि बाजारपेठेचे गुणगान करणाऱ्या उजव्यांनी परवानाधारकांची बाजू घ्यावी, हे दृश्य इटलीने पुढेही पाहिले. डिसेंबर 1999 पासून 2001 पर्यंत ते वाहतूकमंत्री होते. त्या काळाविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

2006 ते 2008 या दुसऱ्या प्रोदी सरकारातील आर्थिक विकास मंत्रालय, 2009 चे पक्षनेतृत्व आणि 2013 ची निवडणूक यांविषयी प्रतिसादांतून बोलू.

शंकासुर

लेख आवडला, परंतु दोन शंका आहेत. पहिली अशी की, ते प्रदेशाच्या अध्यक्षपदावर जेमतेम तीन वर्षे होते. एवढ्या अल्प कालावधीवरून संपूर्ण कारकिर्दीचे स्पष्टीकरण देणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठण्यासारखे होत नाही का? दुसरी शंका तांत्रिक आहे. 1996 मध्ये ते संसदेवर निवडून आले होते काय? तसा उल्लेख आपल्या लेखात दिसत नाही.

पडवी

शंकासुर, पहिली शंका रास्त आहे, पण मी केवळ अध्यक्षपदाविषयी बोलत नाही. 1980 ते 1996 अशी सोळा वर्षे ते प्रादेशिक परिषदेत आणि प्रादेशिक सरकारात होते, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापासून चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत. माणूस याच काळात घडतो. शिवाय तेव्हा प्रदेशाचा अध्यक्ष थेट मतदारांकडून निवडला जात नसे, परिषद त्याला निवडत असे. थेट निवडणूक 2000 पासून आली. परिषदेतील निरनिराळ्या पक्षांना सांभाळून घेणारा माणूसच त्या पदावर टिकत असे. सभा गाजवणाऱ्याला तिथे फारसे काम नव्हते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर : नाही. इटलीत मंत्री होण्यासाठी संसद सदस्य असण्याची अट नाही. आपल्याकडे सहा महिन्यांत सभागृहात यावे लागते. तिथे तसे काही नाही. बेर्सानी पाच वर्षे सलग मंत्री राहून 2001 मध्ये प्रथम प्रतिनिधिगृहावर, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर, निवडून आले, आणि नेमके तेव्हाच त्यांचा पक्ष विरोधात गेला. 2004 मध्ये ते युरोपीय संसदेत गेले आणि 2006 मध्ये प्रोदी यांच्यासोबत पुन्हा मंत्रिमंडळात आले.

मोदेनावासी

मी गेली अनेक वर्षे एमिलिया-रोमान्यातल्या मोदेनात राहते, त्यामुळे बेर्सानी यांनी मंत्री असताना बाजारपेठ खुली करण्यासाठी काढलेल्या 2006-07 च्या त्या प्रसिद्ध आदेशांविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजते. बेर्सानी यांचे भाषण ज्याने कधी ऐकले नाही अशा माणसालाही इथे त्यांचे नाव माहीत असते, आणि ते विम्याच्या कार्यालयात कळते. इटलीत वाहन विम्याचे 18 वर्ग आहेत. अपघात न करता वर्षे गेली की चालक पहिल्या वर्गाकडे सरकतो आणि हप्ता उतरतो. नवीन गाडी घेणारा मात्र चौदाव्या वर्गात सुरू होतो आणि भरमसाट हप्ता भरतो. 2007 च्या कायद्याने अशी सोय केली की एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबीयांपैकी कोणाचा वर्ग चांगला असेल तर नव्या गाडीला तोच लावता येतो. माझ्या मुलाने पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा काउंटरमागच्या बाईंनी कागदपत्रे चाळून एवढेच विचारले, "बेर्सानी लावायचा ना?" आम्ही हो म्हणालो, आणि नवशिक्या पोराच्या गाडीला वडिलांचा पहिला वर्ग मिळाला.

गृहकर्जाचेही तसेच. पूर्वी कर्ज मुदतीपूर्वी फेडले की बँक दंड लावत असे, आणि दुसऱ्या बँकेत न्यायचे तर नोटरीचा खर्च कर्जदाराच्या माथी येई. त्या कायद्याने नव्या गृहकर्जांवरील दंड रद्द केला आणि कर्ज विनाखर्च दुसऱ्या बँकेकडे नेण्याचा हक्क दिला. व्याजदर उतरल्यावर आम्ही तो वापरला. प्रीपेड मोबाइलच्या रिचार्जवर कंपन्या जे काही युरो कापून घेत, तेही मार्च 2007 पासून बंद झाले. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारी औषधे औषधालयाबाहेर, अगदी सुपरमार्केटातही विकता येऊ लागली. अट एवढीच की त्या कोपऱ्यात पदवीधर औषधनिर्माता उभा असला पाहिजे.

टॅक्सीचालकांपुढे मात्र सरकारने माघार घेतली. जुलै 2006 मध्ये त्यांनी रोम अडवून धरले आणि नवे परवाने देण्याचा निर्णय अखेर नगरपालिकांवर सोपवला गेला. रोममध्ये पाहुणे आले की टॅक्सीच्या रांगेत मला त्या माघारीची आठवण होते.

सहकारवाला

मोदेनावासी यांचा प्रतिसाद उत्तम आहे, तरीही औषधांच्या बाबतीत दुसरी बाजू नोंदवली पाहिजे. ज्या सुपरमार्केटांना हा व्यवसाय मिळाला त्यांत कोप ही ग्राहक सहकारी साखळी अग्रभागी होती. तिने या मागणीसाठी मोहीमही चालवली होती, आणि तिचे बालेकिल्ले एमिलिया-रोमान्या आणि तोस्कानातच आहेत. वकिलांचे किमान शुल्क गेले, औषधविक्रेत्यांची मक्तेदारी सैल झाली, टॅक्सीचालकांवर गदा आली. हे सर्व वर्ग डाव्यांना मत न देणारे होते, आणि स्वतःच्या मतदारांच्या संस्थांना मात्र बेर्सानी यांनी हात लावला नाही, असा आरोप विरोधकांनी तेव्हा केला होता. तो अगदीच बिनबुडाचा नव्हता.

महाराष्ट्रातील वाचकांना साखर कारखाने आणि दूध संघ आठवणे साहजिक आहे, आणि साम्य खरोखर आहे : सहकारातून कार्यकर्ता, कार्यकर्त्यातून नेता. पण एक फरक मोठा आहे. इमोला येथील साक्मी ही सहकारी संस्था 1919 मध्ये स्थापन झाली आणि आज जगभरातील टाइल कारखान्यांना यंत्रे पुरवते. तिचे सभासद म्हणजे तिथले कामगार. आपल्याकडे सहकारी संस्थेचा अध्यक्ष आमदार होतो. तिकडे सहकार आणि पक्ष जवळ असले तरी संस्थेचा कारभार बहुधा व्यावसायिक लोकच पाहतात. बेर्सानी स्वतः कोणत्याही सहकारी संस्थेतून आले नव्हते. ते आले पक्षातून.

पडवी

सहकारवाला, आरोपाची नोंद योग्यच आहे. तरीही विमा कंपन्या आणि बँका यांना त्या आदेशांनी जो चाप लावला, त्याच्या कक्षेत डाव्यांच्या जवळच्या कंपन्याही येत होत्या, एवढे जोडतो. सहकारी चळवळीतून उभी राहिलेली युनिपोल ही मोठी विमा कंपनी बोलोन्याचीच आहे.

आकडेमोड

2013 विषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो, कारण त्या निवडणुकीचे गणित समजल्याशिवाय बेर्सानी यांचे पुढचे वागणे कळत नाही.

निवडणूक 24 आणि 25 फेब्रुवारीला झाली. प्रतिनिधिगृहासाठी बेर्सानी यांच्या आघाडीला 29.55 टक्के मते मिळाली, बेर्लुस्कोनी यांच्या आघाडीला 29.18 टक्के, आणि विनोदी कलाकार बेप्पे ग्रिल्लो यांच्या प्रस्थापितविरोधी फाइव्ह स्टार चळवळीला पहिल्याच खेपेस 25.56 टक्के. पहिल्या दोघांतला फरक सुमारे सव्वा लाख मतांचा होता. तेव्हाच्या कायद्यानुसार देशात पहिल्या आलेल्या आघाडीला, तिची टक्केवारी काहीही असो, 630 पैकी 340 जागा बहाल होत. म्हणजे सव्वा लाखाच्या आघाडीवर प्रतिनिधिगृहात दणदणीत बहुमत.

सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे, तसे नव्हते. राज्यघटनेप्रमाणे सिनेट प्रादेशिक पायावर निवडले जाते, म्हणून तिथे जादा जागांचे बक्षीस प्रत्येक प्रदेशात वेगळे दिले जाई. लोम्बार्दीच्या 49 जागांपैकी 27 पहिल्या येणाऱ्याला. बेर्लुस्कोनी यांच्या आघाडीने लोम्बार्दी जिंकले, व्हेनेतो जिंकले, सिसिली आणि काम्पानियाही जिंकले. एमिलिया-रोमान्यात आणि तोस्कानात कितीही मते पडली तरी तिथले बक्षीस ठरलेलेच होते. बहुमतासाठी 158 जागा हव्या होत्या, आणि बेर्सानी यांची आघाडी 120 च्या आसपास अडकली. सरकारला दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो. ज्या माणसाची सारी जडणघडण प्रादेशिक राजकारणात झाली, त्याला सिनेटच्या प्रदेशवार गणिताने अडवले. हाच कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

शंकासुर

गणित मान्य आहे, पण सगळा दोष गणिताला देणे मला पटत नाही. खरी चूक नोव्हेंबर 2011 मधली. बेर्लुस्कोनी पायउतार झाले तेव्हा सर्व चाचण्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने होत्या. बेर्सानी यांनी मध्यावधी निवडणुकीचा आग्रह धरला असता तर ते बहुधा पंतप्रधान झाले असते. त्याऐवजी त्यांनी मारिओ मोंती यांच्या तज्ज्ञांच्या सरकारला पाठिंबा दिला, निवृत्तीचे वय वाढवणाऱ्या कायद्याला मते दिली, आणि सव्वा वर्षाने मतदारांसमोर गेले तेव्हा कपातीची नाराजी त्यांच्या खात्यावर जमा झाली होती. ग्रिल्लो यांचा उदय त्याच नाराजीतून झाला. शिवाय प्रचारही मरगळलेला होता. ऑक्टोबर 2012 मध्ये त्यांनी पक्षांतर्गत निवडणुकीचा प्रारंभ बेत्तोलातील वडिलांच्या त्याच पेट्रोलपंपावरून केला, डिसेंबरमध्ये मात्तेओ रेन्झी यांचा जवळजवळ 61 विरुद्ध 39 टक्के असा पराभव केला, आणि नंतर जणू विजय खिशात असल्यासारखे ते स्वस्थ बसले.

पडवी

शंकासुर, प्रचाराविषयी मी पूर्ण सहमत आहे. 2011 विषयी मात्र नाही. इटालियन सरकारी रोख्यांवरील व्याज जर्मन रोख्यांपेक्षा साडेपाच टक्क्यांहून अधिक झाले होते. अशा वेळी दोन-तीन महिने निवडणुकीत घालवणे त्यांना बेजबाबदारपणाचे वाटले, आणि पक्षाचे नुकसान होईल हे दिसत असूनही त्यांनी ते केले. याला चूक म्हणायचे तर खुशाल म्हणावे. मला त्यात त्यांच्या स्वभावाचा उत्तम भाग दिसतो.

खरी कसोटी लागली ती मार्च-एप्रिल 2013 मध्ये. राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी 22 मार्चला त्यांना सरकार स्थापनेची शक्यता चाचपडून पाहण्यास सांगितले. बेर्लुस्कोनी यांच्यासोबत सरकार करायचे नाही हे ठरलेले होते, म्हणून त्यांनी आठ कलमी कार्यक्रम घेऊन फाइव्ह स्टारच्या प्रतिनिधींना बोलावले. 27 मार्चची ही बैठक त्या पक्षाच्या आग्रहावरून इंटरनेटवर थेट दाखवली गेली. ती मी पाहिली आहे. एका बाजूला साठी ओलांडलेले, आवाज चढू न देता समजावून सांगणारे बेर्सानी. समोर पहिल्यांदाच संसदेत आलेले व्हितो क्रिमी आणि रोबेर्ता लोम्बार्दी, ज्यांना समजून घ्यायचे नव्हतेच, नकार द्यायचा होता आणि तो सर्वांना दिसायला हवा होता. बोलोन्यात कामगार संघटना असो वा कारखानदार, टेबलापाशी येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी हवे असे, म्हणून तडजोड निघत असे. इथे समोरच्या पक्षाला तडजोड न होणे हेच हवे होते. अशा माणसांशी कसे बोलायचे हे बेर्सानी यांना कधी शिकावेच लागले नव्हते.

त्यानंतर तीन आठवड्यांत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. 18 एप्रिलला त्यांनी बेर्लुस्कोनी यांच्या संमतीने जुने कामगार नेते फ्रांको मारीनी यांचे नाव पुढे केले. पहिल्या फेऱ्यांत दोन-तृतीयांश म्हणजे 672 मते हवी होती, 521 मिळाली, कारण स्वपक्षातूनच बंड झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी रोमच्या कापरानिका नाट्यगृहात खासदारांची बैठक भरली आणि तिथे रोमानो प्रोदी यांचे नाव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले. प्रोदी तेव्हा मालीत होते. दुपारी चौथ्या फेरीत साधे बहुमत म्हणजे 504 मते पुरेशी होती आणि आघाडीकडेच पाचशेच्या जवळपास होती, तरी प्रोदी यांना 395 पडली. सकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी 101 जणांनी गुप्त मतदानात दगा दिला असे मानले जाते. ते कोण, हे आजवर सिद्ध झालेले नाही. बेर्सानी यांनी त्याच रात्री राजीनामा जाहीर केला. 20 तारखेला 87 वर्षांचे नापोलितानो पुन्हा निवडून आले. इटलीच्या इतिहासात राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा निवडला जाण्याची ती पहिली वेळ. महिनाअखेरीस बेर्सानी यांचे सहकारी एन्रिको लेत्ता यांनी बेर्लुस्कोनी यांच्या पक्षासोबतच सरकार बनवले.

जुना वाचक

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. 5 जानेवारी 2014 रोजी बेर्सानी यांना मेंदूतील रक्तस्राव झाला आणि पार्मा येथे शस्त्रक्रिया करावी लागली. फेब्रुवारीत रेन्झी यांनी लेत्ता यांना दूर करून स्वतः पंतप्रधानपद घेतले. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी बेर्सानी आजारपणानंतर प्रथमच सभागृहात आले, ठरावाला मत दिले, पण आधी लेत्ता यांच्या बाकाजवळ जाऊन त्यांना मिठी मारली. त्या दिवशीचे ते सर्वांत बोलके राजकीय वक्तव्य होते.

2017 मध्ये त्यांनी रोबेर्तो स्पेरान्झा आणि तोस्कानाचे अध्यक्ष एन्रिको रोस्सी यांच्यासह पक्ष सोडला. माझ्या मते हा निर्णय चुकला. 2018 मध्ये त्यांच्या नव्या आघाडीला 3.4 टक्के मते मिळाली. बेर्सानी निवडून आले, पण बोलोन्यात मोठा विचित्र प्रकार घडला. सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाने पाठिंबा दिला तो जुने ख्रिश्चन डेमोक्रॅट पिएर फेर्दिनांदो कासिनी यांना, आणि त्यांच्याविरुद्ध बेर्सानी यांच्या बाजूने उभे होते वास्को एर्रानी, ज्यांनी त्याच प्रदेशाचा कारभार 1999 ते 2014 असा पंधरा वर्षे केला होता. जिंकले कासिनी.

मोदेनावासी

त्या निवडणुकीत आमच्या शेजारच्या आजोबांनी, जे जन्मभर पक्षाचे सभासद होते, कासिनी यांना मत देणाऱ्या आपल्या भावाशी बोलणे टाकले होते. एर्रानी यांच्यावर कोणी लिहिणार असेल तर भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीचा भाग वगळू नये, अशी विनंती. 2012 च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागात भूकंप झाला तेव्हा प्रदेशाचे अध्यक्ष तेच होते, आणि 2016 च्या मध्य इटलीतील भूकंपानंतर केंद्र सरकारने विशेष आयुक्त म्हणून त्यांनाच नेमले.

पडवी

मोदेनावासी, एर्रानी यांच्यावर स्वतंत्र धागा काढण्याचा विचार आहेच. त्यांच्यावरील खटला, 2014 चा राजीनामा आणि 2016 मधील निर्दोष मुक्तता हा भाग इथे घुसडण्याजोगा नाही. जुना वाचक यांच्या हकिकतीत एवढीच भर घालतो की 2022 मध्ये बेर्सानी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये एली श्लाइन पक्षाच्या नेत्या झाल्यावर त्यांचा गट मूळ पक्षात परतला. श्लाइन यांनी ज्यांना हरवले ते स्तेफानो बोनाच्चीनी तेव्हा एमिलिया-रोमान्याचे अध्यक्ष होते, आणि श्लाइन त्याच सरकारात काही काळ उपाध्यक्ष होत्या. पक्षाच्या नेतृत्वासाठीची अंतिम लढत त्या वेळी एकाच प्रदेशाच्या दोघांत झाली.